किटलीतले मांजराचे खाणे: विसराळूपणाच्या गमतीमागचे शास्त्र

गोष्ट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. जेम्स रीझन हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एका दुपारी घरी चहा करत होते. पाणी तापत होते, चहाची किटली झाकण काढून ओट्यावर तयार होती आणि नेमके त्याच वेळी त्यांचे मांजर भुकेने ओरडत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आधी त्याची सोय लावावी म्हणून रीझन यांनी मांजराच्या खाण्याचा डबा उघडला, त्यातले चमचाभर खाणे काढले आणि ते अगदी सराईतपणे चहाच्या किटलीत टाकले. दुसऱ्या कोणी किटली विसळून हा प्रकार स्वतःपाशीच ठेवला असता. रीझन यांना मात्र प्रश्न पडला की चूक झाली ती नेमकी अशीच का झाली. मांजराचे खाणे मोरीत पडले नाही, जमिनीवर पडले नाही, ते किटलीतच का पडले?

त्यांना मिळालेले उत्तर असे होते की दोन्ही कामे हाताच्या पूर्ण सवयीची होती आणि दोन्हींचा शेवट चमच्यातली वस्तू उघड्या भांड्यात टाकण्याने व्हायचा होता. मन मांजराच्या ओरडण्याकडे गेले, हाताने सवयीप्रमाणे पुढचे पाऊल उचलले, आणि समोर जे उघडे भांडे दिसले ते त्याला पुरेसे वाटले. क्रिया बरोबर होती, पत्ता चुकला होता. पुढे रीझन यांनी सामान्य माणसांना आपापल्या अशा चुकांची रोजनिशी ठेवायला सांगून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. माणसाच्या चुका आणि त्यांतून होणारे अपघात यांविषयीचे त्यांचे विचार आज विमानवाहतुकीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्वत्र शिकवले जातात. त्या अभ्यासाचे मूळ एका बिघडलेल्या चहात आहे.

विसराळूपणाला आपण एकच दोष समजतो आणि विसरणाऱ्याला ‘तुझे डोके ठिकाणावर नाही’ असे एकच वाक्य ऐकवतो. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली निरनिराळ्या यंत्रणांच्या निरनिराळ्या फजित्या एकत्र आलेल्या असतात. काही गोष्टींची मुळात नोंदच होत नाही, काही नोंदलेल्या असून वेळेवर सापडत नाहीत, आणि काही चुकीच्याच सापडतात. या शेवटच्या प्रकाराकडे आपण फारसे लक्ष देत नाही. माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे, कारण विसरणारा माणूस निदान ओशाळतो, चुकीचे आठवणारा मात्र पैज लावायला तयार असतो.

आधी किटलीच्या जातीच्या चुका पाहू. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सवयीविषयी लिहिताना एका विसरभोळ्या गृहस्थाचे उदाहरण दिले आहे. रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलायला तो आपल्या खोलीत जातो, एकेक कपडा उतरवू लागतो आणि शेवटी सरळ अंथरुणात शिरतो. कपडे उतरवण्याची पहिली पावले दोन्ही कामांत सारखीच असतात, आणि जेथे वाट फुटते तेथे मन हजर नसेल तर शरीर जास्त मळलेल्या वाटेने निघून जाते. रविवारी नातेवाइकांकडे निघालेला माणूस स्कूटर घेऊन कार्यालयाच्या रस्त्याला लागतो, तो याच कारणाने.

मराठी घरात या नियमाचा सामुदायिक प्रयोग दर वर्षी गणेशोत्सवात होतो. ‘जय देव जय देव’ हे शब्द गणपतीच्या, शंकराच्या आणि विठ्ठलाच्या अशा तिन्ही आरत्यांच्या ध्रुवपदात येतात. त्यापुढे मंगलमूर्ती म्हणायचे, श्रीशंकरा म्हणायचे की पांडुरंगा, हे त्या क्षणी भान असणाऱ्यालाच कळते, आणि टाळ्या, झांजा, निरांजन, प्रसादाचा वास या सगळ्यांत भान असणारे थोडेच असतात. मग एखादा खड्या आवाजाचा काका शंकराच्या आरतीतून बिनदिक्कत पंढरपूरला पोहोचतो, त्याच्यामागून अर्धे घर जाते आणि उरलेले अर्धे एकमेकांकडे पाहत हसू दाबते. यात कोणाचीही स्मरणशक्ती कमकुवत नसते. तिन्ही आरत्या चांगल्या पाठ असल्यामुळेच घोटाळा होतो. ज्याला एकच आरती येते, त्याची अशी चूक होणे शक्य नाही.

दुसरा मोठा प्रकार आहे नोंदच न झालेल्या गोष्टींचा. वाचकांनी पाकीट न उघडता सांगून पाहावे की वीस रुपयांच्या सध्याच्या हिरवट-पिवळ्या नोटेच्या मागच्या बाजूला कोणत्या स्थळाचे चित्र आहे. ते वेरूळच्या लेण्यांचे आहे. महाराष्ट्रातले स्थळ, कित्येकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले, आणि २०१९ पासून हातातून सतत जाणारी नोट, एवढे असूनही उत्तर चटकन देणारे कमीच भेटतात. याच स्वरूपाचा प्रयोग रेमंड निकरसन आणि मेरिलिन अॅडम्स या अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना एक सेंटचे नाणे आठवणीने काढायला सांगितले तेव्हा २० जणांपैकी फक्त एकालाच सगळे महत्त्वाचे तपशील जागच्या जागी काढता आले, आणि तो नाण्यांचा संग्राहक होता. पुढे २०१५ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ८५ विद्यार्थ्यांना अॅपल कंपनीचे बोधचिन्ह काढायला सांगितले, तेव्हाही ते बिनचूक काढणारा एकच निघाला.

याचा अर्थ या मंडळींची स्मरणशक्ती अधू होती असा होत नाही. नोट वापरण्यासाठी रंग आणि आकडा पुरतो. मागचे लेणे कोणते हे कळले नाही म्हणून भाजीवाली कोणाला परत पाठवत नाही. ज्या तपशिलावाचून काम भागते तो टिपून ठेवण्याचे कष्ट मेंदू घेत नाही, आणि हा आळस एकंदरीत हिशेबाचा आहे. अडचण येते ती किल्ल्या, चष्मा आणि मोबाइल यांच्या बाबतीत. किल्ली ठेवण्याची क्रिया इतकी सवयीची असते की ती करताना मन दुसरीकडेच असते. त्यामुळे ‘कुठे ठेवली ते आठवत नाही’ हे वाक्य बहुधा खरे नसते, कारण कुठे ठेवली हे मुळात कळलेलेच नसते. मग कपाळावर चष्मा चढवलेले आजोबा घरभर चष्मा शोधतात आणि काखेत कळसा गावाला वळसा ही म्हण सर्वांना एकाच वेळी आठवते.

वस्तू मौल्यवान असली म्हणजे ती विसरली जात नाही, हाही भ्रमच आहे. जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीतून उतरले, भाडे दिले आणि निघून गेले. त्यांचा चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचे ते मोठे वाद्य, मागच्या डिकीत राहिला. तो व्हेनिसमध्ये १७३३ साली घडवलेला होता आणि त्याची किंमत सुमारे २५ लाख डॉलर होती. पोलिसांच्या मदतीने तो त्याच दिवशी परत मिळाला. त्यांना आपल्या वाद्याची कदर नव्हती असे कोणी म्हणणार नाही, परंतु डिकी बंद झाल्यावर चेलो डोळ्यांसमोर नव्हता, आणि उतरण्याच्या क्षणी त्याची आठवण करून देणारे तेथे काहीच नव्हते.

‘पुढे करायच्या कामाची आठवण’ हा स्मृतीचा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. संध्याकाळी येताना कोथिंबीर आणायची आहे, ही माहिती लक्षात असणे वेगळे आणि भाजीबाजारापाशी पोहोचल्यावर ती आपोआप वर येणे वेगळे. घरी पोहोचून दार उघडताच ‘कोथिंबीर!’ असा उद्गार निघतो, यावरून माहिती हरवलेली नव्हती हे सिद्धच होते. ती फक्त वीस मिनिटे उशिरा हजर झाली. म्हणूनच पूर्वी बायका पदराला गाठ मारून ठेवत. ही युक्ती चांगली असली तरी तिच्यात एक मजेदार उणीव आहे. काहीतरी लक्षात ठेवायचे आहे एवढेच गाठ सांगते, काय ते सांगत नाही. मोबाइलमध्ये नुसता चार वाजताचा गजर लावून ठेवणाऱ्यांना चार वाजता हाच अनुभव येतो. गजर वाजतो, माणूस खडबडून उभा राहतो आणि उभाच राहतो.

त्याचेच भावंड म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर ‘मी इथे कशाला आलो’ हा पडणारा प्रश्न. तो इतका सार्वत्रिक आहे की डोनल्ड ब्रॉडबेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली रोजच्या चुका मोजण्यासाठी २५ प्रश्नांची जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात त्याला सुरुवातीलाच जागा मिळाली. जळलेली काडी खिशात ठेवून काडेपेटी फेकून देता का, हाही प्रश्न तीत आहे, आणि उत्तरासाठी ‘कधीच नाही’पासून ‘फार वेळा’पर्यंतचे पर्याय आहेत. खोलीच्या कोड्याचा माग अमेरिकेतील नोत्रदाम विद्यापीठाचे गॅब्रिएल रॅडवान्स्की यांनी काढला. त्यांच्या प्रयोगात माणसे एक वस्तू उचलत आणि ती नजरेआड राहील अशी सोबत घेऊन काही अंतर चालत. काहींना त्याच खोलीत चालायचे होते, काहींना तेवढेच अंतर दार ओलांडून जायचे होते. हातात काय आहे हे विचारल्यावर दार ओलांडलेल्यांची गल्लत जास्त झाली. त्यांच्या मते दार ओलांडताच मन आधीचे प्रकरण मिटवून नवे उघडते, आणि जुन्या प्रकरणातला हेतू मागे पडतो. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पहिल्या खोलीत परत जाऊनही फारसा फायदा झाला नाही, हे वाचून आपल्यापैकी अनेकांची गेल्या कित्येक वर्षांची पायपीट वाया गेल्यासारखे वाटेल. पुढे २०२१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना मात्र दाराचा असा परिणाम मुख्यतः मनावर आधीच दुसऱ्या कामाचा भार असताना दिसला. तेव्हा सगळा दोष दारावर टाकता येणार नाही.

नावांचा विसर ही याहून अवघड बाब आहे, कारण तेथे समोर माणूस उभा असतो. लग्नाच्या मांडवात एखाद्या मावशी वाट अडवून ‘ओळखलंस का मला?’ असे विचारतात, तेव्हा त्या एकाच वेळी दोन परीक्षा घेत असतात. चेहरा ओळखणे ही सोपी परीक्षा आहे, कारण उत्तर समोरच असते आणि फक्त होकार द्यायचा असतो. नाव सांगणे ही अवघड परीक्षा आहे, कारण उत्तर रिकाम्या हाताने आतून काढून आणायचे असते. ‘अहो, न ओळखायला काय झालं’ हे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे उत्तर पहिल्या परीक्षेचे गुण दाखवून दुसरी टाळण्यासाठीच आहे. चतुर मावशी मात्र ‘मग सांग बघू कोण?’ म्हणून ती पळवाटही बुजवतात.

नावे विशेष करून का निसटतात, याविषयी १९८७ साली ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग मराठी आडनावांना चपखल लागू पडतो. त्यात चेहरे दाखवून काहींच्या बाबतीत ‘यांचे आडनाव बेकर’ असे सांगितले, तर काहींच्या बाबतीत ‘हे पाव भाजणारे बेकर आहेत’ असे सांगितले. शब्द तोच, तरी व्यवसाय म्हणून सांगितलेला लोकांना सहज आठवला आणि आडनाव म्हणून सांगितलेला विसरला गेला. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार, सोनार ही आडनावेही आहेत आणि व्यवसायही. समोरचा माणूस सुतारकाम करतो असे कळले की रंधा, करवत, लाकडाचा भुसा, गेल्या वर्षीचे न बसणारे दार असे सारे काही त्याच्याभोवती गोळा होते, आणि त्यांतल्या कोणत्याही धाग्याने त्याच्यापर्यंत परत जाता येते. त्याचे आडनाव सुतार आहे आणि तो बँकेत आहे असे कळले, तर त्या आडनावाला धरून ठेवणारे काहीच नसते.

ओठावर आलेले नाव न सुचणे ही याची पुढची पायरी आहे. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना अनोळखी शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. शब्द न सुचलेल्या कित्येकांना त्याचे पहिले अक्षर किंवा त्यात किती उच्चारखंड आहेत हे मात्र बरोबर सांगता आले. म्हणजे मनात शब्दाचा अर्थ आणि त्याचा ध्वनी वेगवेगळे ठेवलेले असतात, आणि अर्थ पूर्ण हाती येऊनही ध्वनीचा एखादाच तुकडा मिळतो. ‘ते नाही का, म पासून सुरू होणारे, तीन अक्षरी’ असे हवेत हात फिरवत बोलणारा माणूस थापा मारत नसतो. अशा वेळी शेजारच्याने मदत म्हणून चुकीचे नाव सुचवले की ते चुकीचे नावच पुन्हा पुन्हा वर येते. विषय सोडून दिल्यावर रात्री दात घासताना खरे नाव अवतरते, आणि तेव्हा ते ऐकायला कोणीच नसते. वयानुसार हा प्रकार वाढतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे किंवा थोड्याथोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारणे ही लक्षणे वेगळी. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे जावे.

आता चुकीच्या आठवणींकडे वळू. आठवण म्हणजे फडताळातली लोणच्याची बरणी नव्हे, की झाकण उघडले आणि जुनीच फोड बाहेर आली. ती दर वेळी नव्याने फोडणी घातलेल्या आमटीसारखी असते, आणि घरात जे नसेल त्याच्या जागी जे असेल ते पडते. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हे फार सुरेख दाखवले आहे. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. कथेतली तेथली खास होडी साधी नाव झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि अपरिचित ते सगळे घरगुती होत गेले. विठ्ठलाच्या आरतीतल्या ‘ओवाळू आरत्या कुर्वंड्या येती’ या ओळीत कुर्वंडी म्हणजे काय हे ठाऊक नसलेली मुले तेथे सुरवंट आणून बसवतात, तेव्हा ती बार्टलेट यांचाच सिद्धान्त मोठ्याने गात असतात.

स्मृतीच्या या कारागिरीचा सर्वांत विनोदी नमुना स्वतः एका मोठ्या मानसशास्त्रज्ञाचा आहे. बालकांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे झाँ पियाजे यांना आपल्या अगदी लहानपणचा एक प्रसंग स्पष्ट आठवत असे. पॅरिसच्या शाँझेलिझे मार्गावर दाई त्यांना बाबागाडीतून नेत असताना एका माणसाने त्यांना पळवण्याचा प्रयत्न केला, दाईने झुंज दिली आणि तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले. ते ओरखडे, जमलेले लोक, धावून आलेला पोलीस, सारे त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राही. पियाजे सुमारे १५ वर्षांचे असताना त्या दाईचे पत्र आले. तिला पश्चात्ताप झाला होता. सगळी हकीकत तिने रचलेली होती, आणि शौर्याबद्दल बक्षीस मिळालेले घड्याळ ती परत करत होती. पियाजे यांनी लहानपणी घरात ती हकीकत ऐकली होती, मनाने तिची चित्रे काढली होती आणि पुढे तीच चित्रे आठवण म्हणून सांभाळली होती.

‘पण मला तर काल घडल्यासारखे आठवते’ या दाव्याचीही परीक्षा झाली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान कोसळले. दुसऱ्याच दिवशी सकाळी उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे, कशी आणि कोणाकडून कळली हे लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ११ जणांचे एकही महत्त्वाचे उत्तर पहिल्या उत्तराशी जुळले नाही. त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या नव्या आठवणीची पक्की खात्री होती, आणि स्वतःच्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण जागी झाली नाही. खात्री आणि खरेपणा यांची सांगड किती सैल असते, हे यापेक्षा चांगले दाखवणे कठीण आहे. घरात जुन्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यांवरून वाद निघाला की दोन्ही बाजू शपथेवर बोलतात, आणि बहुधा दोन्ही बाजू प्रामाणिक असतात.

घरातल्या वादांवरही मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांचे १९७९ चे एक संशोधन आहे. त्यांनी नवराबायकोंना वेगवेगळे बसवून, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती, असे विचारले. बहुतेक कामांच्या बाबतीत दोघांच्या वाट्यांची बेरीज पुऱ्याहून जास्त भरली. यावर कोणीही म्हणेल की माणूस बढाईखोर आहे, दुसरे काय! पण गंमत अशी की भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला. तेव्हा हा निव्वळ बढाईचा मामला नाही. आपण घासलेले प्रत्येक भांडे आपल्याला आठवते, कारण तेव्हा आपण तेथे होतो, आणि दुसऱ्याने घासलेली भांडी आपल्याला फक्त स्वच्छ दिसतात.

मग काहीच न विसरणारा माणूस सुखी असेल का? असा एक माणूस होऊन गेला. सॉलोमन शेरेशेव्हस्की हा मॉस्कोतील वार्ताहर १९२० च्या दशकात संपादकाच्या सूचना कधी लिहून घेत नसे, म्हणून संपादक रागावले. तेव्हा त्याने त्या शब्दशः म्हणून दाखवल्या. त्याला अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आले, आणि लुरिया यांनी पुढे अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला. लांबच लांब याद्या त्याला वर्षांनंतरही सांगता येत. तो प्रत्येक शब्दाचे चित्र करून ते मनातल्या मनात ओळखीच्या रस्त्यावर ठिकठिकाणी ठेवत जाई आणि आठवताना त्या रस्त्याने पुन्हा चालत जाई. त्याच्याकडून क्वचित एखादा शब्द सुटे, त्याचे कारणही अजब असे. एकदा ‘अंडे’ सुटले, कारण ते त्याने पांढऱ्या भिंतीपाशी ठेवले होते आणि जाताना ते दिसलेच नाही. पुढे तो अशा वस्तू मोठ्या आकाराच्या कल्पू लागला आणि अंधाऱ्या जागी मनानेच दिवा लावू लागला.

बाकी त्याची अवस्था हेवा करण्यासारखी नव्हती. गोष्ट वाचताना प्रत्येक शब्दासरशी एक चित्र उभे राही आणि त्या गर्दीत गोष्टीचा अर्थ हरवे. माणसांचे चेहरे त्याला नीट लक्षात राहत नसत, कारण भाव बदलला की त्याला चेहराच बदललेला वाटे. स्मरणशक्तीचे जाहीर प्रयोग करून तो पोट भरू लागला, तेव्हा एका कार्यक्रमातल्या फळ्यावरचे आकडे पुढच्या कार्यक्रमात मध्येच डोळ्यांपुढे येत. ते विसरावेत म्हणून त्याने आकडे कागदावर लिहून पाहिले, कारण इतर लोक लिहून ठेवलेले विसरतात हे त्याने पाहिले होते. उपयोग झाला नाही. मग त्याने कागद जाळले, तर जळालेल्या कागदावरही त्याला आकडे दिसत राहिले. अखेर एका संध्याकाळच्या प्रयोगात त्याच्या ध्यानात आले की नको असलेला फळा आपण मनातच आणला नाही, तर तो येत नाही. जी गोष्ट शाळेतल्या मुलाला परीक्षा संपल्यावर फाटकाबाहेर पडेपर्यंत साधते, ती या असामान्य माणसाला मोठ्या वयात, बऱ्याच धडपडीनंतर साधली.